ज्याचं कुणी नाही, त्याचाही पिंड

पितृपक्षात गयेकडे निघालेल्या गाडीत ओळखी फार लवकर होतात. मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्याला जाणारी मेल भुसावळ सोडेपर्यंत आमच्या डब्यातल्या बऱ्याच जणांना एकमेकांच्या घरातली गेलेली माणसं माहीत झाली होती. "कुठं निघालात?" असं कुणी विचारत नव्हतं. "कुणाचं करायचंय?" एवढंच. समोरचं जळगावकडचं जोडपं सासऱ्यांचं करायला निघालं होतं. खिडकीपाशी बसलेल्या एक मावशी एकट्याच होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि पुन्हा कुणी विचारलंही नाही. आम्ही, म्हणजे मी, दादा आणि वहिनी, आई-बाबांचं करायला निघालो होतो. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आईचं वर्षश्राद्ध नुकतंच उरकलं होतं, आणि दोघांचं एकदम गयेला करा, असं ती जाण्याआधी सांगून गेली होती.

आईचे दिवस आम्ही नाशिकला केले. रामकुंडावर गुरुजी दादाकडून रोज जीवखड्यावर तिलांजली देववत आणि पिंड ठेवताना त्या दिवशी काय घडतंय ते सांगत. गरुडपुराणाच्या प्रेतकल्पात याचा पुरा हिशेब आहे. गरुड विचारतो आणि विष्णू सांगतो. देह जळाला की जीव उघडा पडतो, त्याला पुढच्या वाटेसाठी देह हवा, आणि तो मागे राहिलेल्यांनी घडवायचा. पहिल्या दिवसाच्या पिंडाने डोकं, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, चौथ्याने पाठ, पाचव्याने नाभी, पुढे कंबर, मांड्या, गुडघे आणि नवव्या दिवशी पावलं. दहाव्या दिवसाच्या पिंडाने त्या हातभर देहाला तहान-भूक लागते. हा क्रम मला फार खरा वाटतो. सगळे अवयव झाले तरी भूक लागेपर्यंत देह पुरा होत नाही, आणि भूक लागली की मागच्यांकडे बघणं आलंच.

दहाव्याला कावळा शिवेना. "तुझ्या नातीच्या शिक्षणाचं मी बघतो," असं दादा मोठ्यानं म्हणाला, मग शिवला. तेराव्या दिवशी जीव चालू लागतो. पुराण ८६,००० योजनांची वाट सांगतं. वाटेत सोळा नगरं, भयाण वैतरणी, आणि सगळी मिळून वर्षभराची चाल. दर महिन्याचं मासिक म्हणजे त्या वाटेवरची शिदोरी. गरुडपुराण म्हटलं की लोकांना नरकयातनाच आठवतात. मला मात्र त्यात एक वेगळीच गोष्ट सारखी दिसत राहते. कर्म ज्याचं त्याचं असतं, पण वाट कुणाचीच एकट्याची नाही. देह, अन्न, पाणी, नदी ओलांडायला गाय, हे सगळं या तीरावरच्या कुणीतरी द्यायचं असतं. मग ज्याला द्यायला कुणीच नाही, त्याचं काय होतं? हा प्रश्न मी घरून सोबत घेऊन निघाले होते.

डेहरी सुटल्यावर सोन नदीचा न संपणारा पूल लागला. तो ओलांडला की माणसं सामान आवरायला लागतात.

शहराचं सरकारी नाव २०२५ साली 'गयाजी' झालं. इथल्या माणसांच्या तोंडी ते पूर्वीपासून तसंच आहे. स्टेशनाबाहेर पहिला प्रश्न गावाचा येतो, कारण गयावळांकडे, म्हणजे इथल्या पंड्यांकडे, यजमान मुलखाप्रमाणे वाटलेले असतात. जिल्हा आणि मूळ गाव सांगितलं की कुणाच्या वहीत आपलं घराणं आहे ते लोकच सांगतात आणि तिथवर पोचवतातही. आमच्या पंडाजींनी एक लांबट, जाडजूड वही आणली, तिच्यावरचं लाल कापड सोडलं आणि पानं उलटायला लागले. कडा खाल्लेली, पण शाई अजून काळीभोर. एका पानावर आजोबांच्या वडिलांचं बाळबोध अक्षर निघालं. आधी गाव आणि गोत्र, मग बाप, आजा, पणजा, भावांची नावं, आणि आमच्या वंशातला जो कुणी येईल त्याने याच घराला पंडा मानावं, असा मजकूर. खाली बायकांची नावं होती. सर्वांत शेवटी 'भागी', आणि तिच्यापुढे 'लहानपणी वारली' एवढंच. या भागीचं नाव आमच्या घरात कुणीही कधी घेतलेलं नव्हतं. दादाने दोनदा वाचलं आणि पंडाजींना विचारलं, "हिचा पिंड द्यायचा राहिला असेल का?" पंडाजी म्हणाले, "नाव लिहिलंय म्हणजे दिलाच असेल. पण तुम्ही पुन्हा द्या. इथं जास्तीचं काही होत नाही."

सकाळी आम्ही फल्गूवर गेलो. लीलाजन आणि मोहाना मिळून ही नदी होते. पावसाळा सरला की वर नुसती वाळू आणि पाणी पोटात, अशी तिची ख्याती. लोक वाळू उकरून ओंजळभर पाणी काढत आणि त्यावर तर्पण करत. २०२२ साली इथे ४११ मीटर लांबीचं रबरी धरण झालं, तेव्हापासून देवघाटाशी वर्षभर पाणी असतं. घाटावर शेकडो माणसं दाटीने बसली होती. त्यांच्यापुढे पत्रावळी, जवाच्या पिठाचे गोळे, काळे तीळ, मध, दूध. प्रत्येक घोळक्यात वेगळ्या भाषेत नावं पुकारली जात होती. एका बाजूला तेलुगू, पलीकडे मारवाडी, मागे बंगाली. माझ्या कानांना एवढंच कळत होतं की प्रत्येक जण तीन-तीन नावं घेतोय.

नदीच्या पोटातल्या पाण्याची कथा सीतेची आहे. राम-लक्ष्मण सामग्री आणायला गेलेले, मुहूर्त टळत चाललेला, आणि दशरथाने वाळूतून हात पुढे केला. सीतेजवळ काहीच नव्हतं. तिने वाळूचाच पिंड करून त्या हातावर ठेवला. राम परतल्यावर तिने साक्षीदार बोलावले. फल्गू, गाय, केतकी, ब्राह्मण सगळे उलटले, एक वड तेवढा खरं बोलला. सीतेने फल्गूला शाप दिला की तुझं पाणी जमिनीखाली वाहील, आणि वडाला वर दिला की तू अक्षय राहशील. धरणावरून पायी पलीकडे गेलं की सीताकुंड लागतं. तिथे आजही वाळूचा पिंड देतात. इथल्या आमच्या गुरुजींनी तो माझ्या हातून देवविला. मुलीने द्यावा की नाही, अशी चर्चा कुणी काढलीच नाही. जिथे सुनेच्या हातचा वाळूचा गोळा राजाला पोचला, तिथे ती चर्चा कोण काढणार? मी ओली वाळू मुठीत दाबली, ती नीट वळेना, दोनदा फुटली. वहिनीने वर पाणी शिंपडलं, तेव्हा गोळा धरला. आईचं नाव, बाबांचं नाव, आणि मग मी भागीचं नाव घेतलं.

तिथून परत येऊन विष्णुपदाच्या देवळात गेलो. करड्या दगडाचं सुमारे ३० मीटर उंच शिखर आणि आत, चांदीने मढवलेल्या अष्टकोनी कुंडात, खडकावर उमटलेलं सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचं पाऊल. पाऊल कुणाच्या देहावर आहे, ते गयामाहात्म्य सांगतं. गयासुराने एवढं तप केलं की त्याच्या देहाला जो शिवेल तो तरे. माणसं सरळ स्वर्गात जाऊ लागली आणि यमाचं काम थांबलं. देवांनी त्याच्याकडे यज्ञासाठी त्याचंच शरीर मागितलं आणि त्याने दिलं. अंगावर शिळा ठेवूनही तो हलत राहिला, तेव्हा विष्णूने स्वतः पाय ठेवला. जाता जाता गयासुराने मागितलं ते स्वतःपुरतं नव्हतं. इथे ज्याचा पिंड पडेल तो मुक्त व्हावा, एवढंच त्याचं मागणं होतं. रोज एक पिंड आणि एक प्रेत मिळालं नाही तर तो उठेल, असंही लोक मानतात. देवळाला लागूनच स्मशानघाट आहे. गर्दीच्या दिवसांत या दोन्हींची उणीव कधी भासत नाही.

हे देऊळ आज दिसतं त्या रूपात अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली उभं केलं. चौंडीत जन्मलेल्या, माळव्यातून राज्य चालवणाऱ्या बाईने इतक्या दूर का बांधलं, याचं उत्तर तिच्या आयुष्यातल्या तारखा देतात. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ साली सासरे मल्हारराव, आणि १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव. मागे पिंड द्यायला कुणी उरेल की नाही, ही धास्ती तिला ठाऊक होती. तिने साऱ्या देशाला पिंड द्यायला जागा करून दिली. त्या मंडपातल्या खांबांच्या रांगांतून चालताना महाराष्ट्राच्या माणसाचा ऊर भरून येतो, आणि यावाच. तिथे दगड लावला तो एका आईच्या शोकाने.

देवळाच्या आवारात आईचं खास काम होतं, मातृषोडशी. एकट्या आईसाठी सोळा पिंड. प्रत्येक पिंडाबरोबर मंत्र म्हणतात आणि प्रत्येक मंत्रात आईचं एकेक दुःख सांगितलेलं असतं. गुरुजी आधी संस्कृत म्हणत, मग दादाला मोडक्या मराठीत समजावत. हा पिंड गर्भ पोटात वाढताना तिला झालेल्या वेदनांचा. हा तू आतून मारलेल्या लाथांचा. हा कळांचा. हा तिने तुझ्यासाठी प्यायलेल्या कडू काढ्यांचा. हा तू अंथरूण ओलं केलंस आणि ओल्या बाजूला ती झोपली, त्या रात्रींचा. हा माघाच्या थंडीचा, हा उन्हाळ्याचा. हा तू आजारी पडलास तेव्हा तिने न खाल्लेल्या घासांचा. पाच-सहा पिंडांपर्यंत दादा नीट म्हणत होता. ओल्या अंथरुणाच्या पिंडाला त्याचा आवाज गेला. पन्नाशी ओलांडलेला, कुणासमोर कधी न रडलेला माणूस हातात जवाच्या पिठाचा गोळा घेऊन बसून राहिला. गुरुजींनी घाई केली नाही. शेजारच्या रांगेतला एक अनोळखी माणूसही त्याच पिंडापाशी थांबला होता, तेव्हा मला कळलं की इथे बहुतेक सगळे त्याच जागी थांबत असावेत. ज्याने कुणी हे सोळा मंत्र रचले, त्याने बाळंतपण जवळून पाहिलं असणार. मृत आईच्या वाटेवर टाकायला त्याला दुसरं काही सुचलं नाही. तिने सोसलेलं मोजायचं आणि मोजून परत करायचं.

प्रेतशिला गावाबाहेर आहे. सुमारे पावणेसातशे पायऱ्या, म्हाताऱ्यांसाठी डोलीवाले. ज्यांना अवेळी मरण आलं, अपघातात, आगीत, पाण्यात, स्वतःच्या हाताने, त्यांच्यासाठी लोक इथे चढतात. अशांचा जीव वाटेलाच लागत नाही, अडकून राहतो, ही समजूत. वर सातूचं पीठ उधळतात. आमच्या पुढे चढणाऱ्या एका जोडप्याच्या हातात तरण्या मुलाचा फोटो होता. फोटोला कोपऱ्यात मोटारसायकलची चावी टांगलेली. बाप सातू उधळताना वारा उलटा आला आणि पीठ त्याच्याच तोंडावर, खांद्यांवर बसलं. आईने ते पुसलं नाही. "आया है," एवढंच म्हणाली. डोलीवाल्याने मान हलवली. मी तिथे उभी राहून पाहिलं आहे, म्हणून सांगते, ज्याला हे खुळचट वाटतं त्याने त्या बाईसमोर तसं म्हणून दाखवावं.

तरीही एक प्रश्न राहतोच आणि तो मी गुरुजींना विचारला. जीव पुन्हा जन्म घेतो म्हणता. आई कुठेतरी जन्मलीही असेल. मग पिंड कुणाला पोचतो? गुरुजींना हा प्रश्न नवा नव्हता. मत्स्यपुराणात त्याचं उत्तर आहे. पितर देव झाले असतील तर अन्न अमृत होऊन पोचतं, पशू झाले असतील तर गवत होऊन. नाव आणि गोत्र त्याला बरोबर वाट दाखवतात. पण मला त्याहून जुनं उत्तर जास्त पटतं. छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूला प्रवाहण जैवली राजा विचारतो, माणसं इथून कुठे जातात आणि कशी परततात? श्वेतकेतूला, त्याच्या बापालाही, सांगता येत नाही. मग राजाच सांगतो. एक देवयान, उजेडाची वाट, तिथून परतणं नाही. दुसरा पितृयाण. धूर, रात्र, कृष्णपक्ष, दक्षिणायन, पितृलोक, मग चंद्र. तिथलं पुण्य सरलं की जीव आकाशातून वाऱ्यात, ढगात आणि पावसातून खाली येतो. खाली येतो तो कशात? भातात, जवात, तिळात, झाडापाल्यात. ते कुणीतरी खातं आणि जीव पुन्हा गर्भात येतो.

भाद्रपदाचा कृष्णपक्ष, दक्षिणायन, आणि समोर पत्रावळीवर भात, जव, तीळ. फल्गूकाठी बसून मला ते एकदम जुळलं. ज्या दाण्यांतून जीव परत येतो म्हणतात, तेच दाणे मळून आपण त्याला वाटेला लावतो. जाणाऱ्याचं आणि येणाऱ्याचं अन्न एकच. गयेत ही येजा लोकांना परकी वाटत नाही. बंगालचे क्षुदिराम चट्टोपाध्याय १८३५ साली पितरांचं करायला इथे आले, आणि गदाधर विष्णूने स्वप्नात येऊन तुझ्या पोटी येतो म्हणून सांगितलं, अशी कथा आहे. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव गदाधर ठेवलं. तेच रामकृष्ण परमहंस.

भस्मकूट टेकडीवर जनार्दनाचं देऊळ आहे. मंगलागौरीला जाणारी गर्दी त्याच्या बाजूने निघून जाते. इथे माणूस स्वतःचाच पिंड देतो, जिवंतपणी. त्यात तीळ घालत नाहीत, दही घालतात. तिथे मला गाडीतल्या मावशी दिसल्या. पूजा झाली, त्यांनी तो पिंड देवाच्या हातावर ठेवला आणि हात पुसत बाहेर आल्या. ओळख पटल्यावर आपण होऊन बोलल्या. मूल नाही, मालक गेले, दीर विचारत नाहीत. "म्हटलं, आपलं आपण करून टाकावं. मागं राहिलं तर कुणाला त्रास नको." आवाजात रडं नव्हतं. घराला कुलूप घालून किल्ली पिशवीत टाकावी, तितक्या सहज त्या टेकडी उतरल्या. घरून सोबत घेतलेल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला त्यांनी दिलं. ज्याला द्यायला कुणी नाही, त्याच्यासाठी देव हात पुढे करून बसला आहे.

दुसरं उत्तर अक्षयवटापाशी मिळालं. गयाश्राद्धाचा शेवट तिथे होतो. वडाखाली शेवटचे पिंड पडतात, एखादं आवडीचं फळ किंवा भाजी कायमची सोडतात, पंडा 'सुफल' म्हणतो आणि काम पुरं झालं. दादाने फणस सोडला, मी सीताफळ. पण 'सुफल'च्या आधी गुरुजींनी एक वेगळा पिंड मागितला आणि त्याची यादी म्हणायला लागले. आपल्या कुळात जन्मून गर्भातच गेलेले. आगीत, विजेने, वाघासापाने मेलेले. ज्यांना दहन मिळालं नाही ते. मित्र, शेजारी, नोकर. पूर्वीच्या कुठल्या जन्मात आपले बांधव होते ते, आणि ज्यांचं आपल्याशी काहीच नातं नव्हतं तेही. जनावरं, पाखरं, झाडं. ज्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही असे सगळे. तर्पणातही हेच असतं, ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी. पण देवघाटावर शेकडो अनोळखी लोकांच्या तोंडून वेगवेगळ्या भाषांत तीन-तीन नावं ऐकल्यावर त्या पाण्याचा अर्थ मला नव्याने कळला.

तीनच नावं का, तेही तिथेच उमगलं. सपिंडीकरणात नव्याने गेलेल्याचा पिंड तिघा पितरांच्या पिंडांत मिसळतात. तो वसुरूप होतो, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. त्याच क्षणी त्याच्या आधीचा एक जण नावानिशी पिंड घेण्याच्या रांगेतून पुढे सरकतो. त्याच्या वाट्याला पिंड देणाऱ्याच्या हाताला लागून राहिलेला लेप येतो. आणखी तीन पिढ्यांनी तोही नाही. बाबा गेले तेव्हा आमच्या घराण्यातला एक पूर्वज असा नावाच्या पलीकडे गेला. दादा गेला की आणखी एक जाईल. सदैव आठवा, असं आपले पितर मागत नाहीत. तीन पिढ्या नावाने हाक मारा आणि मग सोडा, एवढंच मागतात. सोडल्यावर ते जातात त्या अफाट, बिननावाच्या लोकांत, ज्यांच्यासाठी अक्षयवटाखाली रोज कुणीतरी परका शेवटचा पिंड ठेवत असतो.

भागीलाही मधल्या सगळ्या वर्षांत तो मिळतच होता. तेलुगू, मारवाडी, बंगाली माणसांनी तिचं नाव न जाणता दिला. मावशींच्या मागेही तो देणारी माणसं आहेत, त्यांनी स्वतःची सोय केली असली तरी. आई-बाबांच्या वाटेची काळजी मी गयेला घेऊन गेले होते, ती तिथे निवली. त्यांचं आम्ही करतोय, पुढे दादाची मुलगी करेल, आणि आम्ही सगळे विसरले गेल्यावर ज्यांची आमची ओळखदेख नाही ते करतील. आपणही आपल्या पत्रावळीवर त्यांच्या माणसांसाठी एक पिंड जास्तीचा ठेवावा. श्राद्ध कुठेही असो, घरी असो, नाशिकला असो, तो शेवटचा पिंड घाईत उरकू नये.